तिसरी किल्ली

कुलूप हा शब्द आपल्या भाषेत अरबीतून आला आणि चावी हा शब्द पोर्तुगिजांबरोबर समुद्रावरून उतरला. चोर हा शब्द तेवढा निखळ संस्कृत आहे; त्याकरिता आपणांस कोणाच्याही दारी जावे लागले नाही. या तिन्ही शब्दांचा संसार आमच्या घरांत आज शतकानुशतके सुखाने चालला आहे, आणि त्या संसारात किल्लीचा मान काही निराळाच असे. घरच्या कर्त्या स्त्रीच्या कमरेला असलेला जुडगा हीच तिची सनद. तो जुडगा सासूच्या कमरेवरून सुनेच्या कमरेला जाई तो दिवस कोणी पंचांगात लिहून ठेवीत नसे, परंतु घरातील लहानमोठ्या सर्वांना तो ठाऊक असे.

त्या किल्ल्यांत रहस्य असे काही नव्हते. किल्ली म्हणजे केवळ आकार. लोखंडाच्या पट्टीला ज्या खाचा, त्याच खाचा दुसऱ्या पट्टीला पाडल्या की दुसरी किल्ली तयार. जत्रेच्या पेठेत कानशी व शेगडी घेऊन बसलेला किल्लीवाला घटकाभरात जोडकिल्ली करून देई आणि ती घेणारा मनुष्य घरधनी आहे की आणखी कोणी, याची चौकशी करण्याचे त्यास कारण पडत नसे. किल्ली ज्याच्या हाती, घर त्याचे, एवढाच तिचा न्याय होता.

मोटारीच्या किल्लीलाही अनेक वर्षे हाच न्याय लागू होता. मोटारी चोरीस जाऊ लागल्या तेव्हा कारखानदारांस दिसून आले की, आकाराची नक्कल करता येते, एवढेच नव्हे तर कुलूप फोडून दोन तारा जोडल्या तर किल्लीचीही गरज उरत नाही. १९८६ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने आपल्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विद्युत्‌रोधकाची एक बारीक गोळी बसविली. अशा गोळ्यांचे प्रकार होते पंधरा. गाडीला तिच्या वाट्याचा रोध मिळाला नाही तर इंजिन सुरू होत नसे. परंतु पंधराच पर्याय असले म्हणजे चिकाटीच्या चोराने ते एकामागून एक करून पाहावेत, यात नवल कसले? तेव्हा पुढचे पाऊल टाकणे भाग पडले, आणि किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात ट्रान्सपॉन्डर नावाची चिप येऊन बसली. युरोपीय संघाने १९९५ च्या एका निर्देशाने नव्या मोटारींत इमोबिलायझर, म्हणजे इंजिनास जखडून ठेवणारी यंत्रणा, सक्तीची केली आणि १९९८ च्या ऑक्टोबरपासून ती सक्ती अमलात आली.

ही चिप तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नसते, आणि तिला स्वतःची बॅटरीही नसते. किल्ली कुलपात फिरविली की कुलपाभोवती असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रातूनच चिपेला क्षणभर पुरेल इतकी शक्ती मिळते आणि ती जागी होते. मग गाडी तिला एक प्रश्न घालते. तो प्रश्न म्हणजे शून्य आणि एक यांची एक लांबलचक माळ असून ती दर वेळी निराळी असते. चिप आपल्या पोटातील गुप्त संख्येशी त्या माळेचे गणित करून उत्तर देते. उत्तर बरोबर आले तर इंजिन चालते. नाही तर इंजिन निपचित पडून राहते. गडाच्या दरवाजावरील पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. तो शब्द एकदा कोणाच्या कानी गेला की शत्रूलाही आत येता येई. हा पहारेकरी मात्र प्रत्येक वेळी नवाच प्रश्न विचारतो, आणि घराण्याचे गुह्य ज्याला ठाऊक त्यालाच त्याचे उत्तर देता येते. हे सारे संभाषण निमिषार्धात आटोपते. किल्ली फिरविणाऱ्यास त्याची दादही नसते.

यावरून एक गोष्ट उघड होते. बाजारातून कोरी किल्ली आणून तिला हुबेहूब खाचा पाडून घेतल्या तरी ती गाडीचे दार उघडील, कुलपातही फिरेल, परंतु इंजिन सुरू करणार नाही. तिचे रूप आले, ओळख आली नाही. मुंजीच्या आधीच्या बटूसारखी ती घरातली असून नसल्यासारखी. ही ओळख गाडीच्या स्मृतीत नोंदविणे, यासच किल्ली प्रोग्राम करणे म्हणतात. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत हे काम विक्रेत्याच्या नाहीतर किल्लीच्या कारागिराच्या यंत्रावाचून होत नाही. परंतु अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोर्ड, क्रायस्लर इत्यादी कंपन्यांच्या कित्येक गाड्यांत ते मालकाला घरच्या घरी करता येते आणि त्याचा विधी गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकातच छापलेला असतो. त्याला अट एकच. आधी ओळख पटलेल्या दोन किल्ल्या हाताशी पाहिजेत. एकीने भागत नाही.

ही अट आम्ही प्रथम वाचली ती मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या एका उपनगरात, आमच्या आक्काच्या घरी. भावोजी जाऊन तेव्हा वर्ष लोटले होते. त्यांची २०११ सालची फोर्ड एस्केप गाडी आक्का चालवीत असे; देवळात, वाण्याकडे आणि डॉक्टरकडे, एवढाच तिचा प्रवास. त्यात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि गाडी चालविणे काही महिने बंद होणार असे झाले. आमची भाची तेथून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते. रात्री-अपरात्री धावून यावयाचे तर तिच्यापाशी गाडीची एक किल्ली असणे अवश्य होते. गाडीच्या किल्ल्या होत्या दोन. एक आक्काच्या हातपिशवीत. दुसरी भावोजींची. ती देव्हाऱ्याखालच्या खणात, त्यांचा चष्मा आणि सोवळ्याची कद यांच्याबरोबर ठेवलेली असे. तिच्या कडीला श्रीमंगेशाची लहानशी मुद्रा होती. शेवटच्या गोव्याच्या खेपेत त्यांनी ती मंगेशीच्या आवारात घेतली होती.

"ती तेवढी मागू नका," आक्का एवढेच म्हणाली. तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता, त्यामुळे कोणी वादही घातला नाही. तिसरी किल्ली करून आणावी असे ठरले. विक्रेत्याने त्याकरिता शंभराहून अधिक डॉलर सांगितले, आणि गाडी घेऊन या म्हणाला. भाची व्यवहारी. तिने कोरी चिपेची किल्ली मागविली, जवळच्या हत्यारांच्या दुकानात तिला खाचा पाडून आणल्या, आणि गाडीच्या कप्प्यातील पुस्तक काढून आम्हां दोघांपुढे वाचावयास बसली.

पुस्तकातला विधी थोडक्यात असा. पहिली ओळखीची किल्ली कुलपात घालून 'चालू'वर फिरवावी. तेथे ती तीन सेकंदांहून कमी नाही आणि दहांहून अधिक नाही इतका वेळ ठेवावी. मग बंद करून काढावी. त्यानंतर दहा सेकंदांच्या आत दुसरी ओळखीची किल्ली घालून तसेच करावे. ती काढल्यावर वीस सेकंदांच्या आत नवी किल्ली घालून 'चालू'वर काही सेकंद धरावी. सर्व यथासांग झाले तर नव्या किल्लीने इंजिन सुरू होते. न झाल्यास वीस सेकंद थांबून पहिल्यापासून पुन्हा आरंभ करावा. एका गाडीला अशा आठ किल्ल्यांपर्यंत ओळख देता येते. शिवाय सूचना अशी की, दोन चिपेच्या किल्ल्या एकाच कडीत असू नयेत, कारण एकीचे उत्तर दुसरीच्या उत्तरात मिसळण्याचा संभव असतो.

भाचीने पुस्तक मिटले व ती आईकडे न पाहता म्हणाली, "बाबांची पण लागेल."

आक्का उठली आणि आत गेली. बराच वेळ खण उघडल्याचा आवाज आला नाही. मग ती आली ती किल्ली घेऊनच. कडीतून ती काढावी की तशीच वापरावी, असा थोडा विचार झाला. कडीत दुसरी चिपेची किल्ली नव्हती, तेव्हा श्रीमंगेशाची मुद्रा जागच्या जागी राहिली.

गाडी अंगणात उभी होती. आक्का चालकाच्या जागी बसली. किल्ल्या मीच फिरवीन असे ती म्हणाली. शेजारी पुस्तक घेऊन भाची, मागे आम्ही घड्याळ घेऊन. आक्काने घड्याळ नको म्हटले. जन्मभर जप केलेल्या मनुष्याला सेकंद मोजावयास घड्याळ कशाला? त्रयोदशाक्षरी रामनाम सावकाश दोनदा म्हटले की तीन सेकंद सहज होतात व दहा होत नाहीत, असा तिचा हिशेब. आम्ही घड्याळावर पडताळून पाहिला, तो चुकला नव्हता.

पहिली किल्ली, तिची स्वतःची, यथाविधी झाली. दुसरी तिने हातात घेतली आणि ती तशीच धरून राहिली. दहा सेकंद म्हणजे किती थोडा वेळ हे आम्हांस तेव्हा कळले. भाचीने तोंड उघडले नाही, आम्हीही नाही. मुदत टळून गेल्यावर आक्काच म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून करायचं ना?" वीस सेकंद आम्ही तिघेही स्वस्थ बसलो. दुसऱ्या वेळी तिने भावोजींची किल्ली न थांबता कुलपात घातली, फिरविली, दोनदा नाम घेतले, काढली, आणि नवी किल्ली घातली. गाडीच्या फळीवरचा चोर-सूचक दिवा लागला, तीन सेकंद राहिला आणि विझला. आमच्या गावी देवाला कौल लावल्यावर फूल कोणत्या बाजूने पडते हे पाहताना मंडळींचा श्वास जसा अडतो, तसा तो आमचाही अडला होता. भाचीने इंजिन सुरू करून पाहिले. ते सुरू झाले.

आक्का एवढेच म्हणाली की, "त्यांच्या ओळखीनं मिळाली तुला." आणि ती किल्ली पुन्हा खणात ठेवावयास गेली.

आता ही दोन किल्ल्यांची अट कशासाठी, याचा विचार करू. गाडी दुरुस्तीला दिली, उपाहारगृहाच्या दारी उभी करावयास परक्याच्या हाती दिली, म्हणजे एक किल्ली त्याजपाशी जाते. एकाच किल्लीच्या साक्षीवर नवी किल्ली ओळखीची करता आली असती तर त्या घटकाभरात कोणीही आपणांकरिता एक करून ठेवू शकला असता. दोन्ही किल्ल्या एकाच वेळी परक्याच्या हाती सहसा पडत नाहीत. म्हणून तिसरीला ओळख द्यावयाची तर दोघींनी साक्ष दिली पाहिजे. आणि यातच अटीची दुसरी, कठोर बाजूही आहे. दोहोंपैकी एक हरवली की उरलेल्या एकीने गाडी चालते, काहीच बिघडले नाही असे वाटते. परंतु तिसरी निर्माण करण्याचा मालकाचा अधिकार त्याच दिवशी संपलेला असतो. मग विक्रेत्याच्या नाहीतर किल्लीच्या कारागिराच्या यंत्राला शरण जाणे आले. म्हणून जाणते लोक सांगतात की, जोडकिल्ली करावयाची ती दोन हाताशी असताना. एक उरल्यावर नव्हे.

हे यंत्र सर्वज्ञ आहे असा मात्र कोणी भ्रम करून घेऊ नये. अशा चिपांच्या पहिल्या पिढीत चाळीस अंकांचे गुह्य असे व त्याचे गणित कंपनीने गुप्त ठेवले होते. २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळा येथील संशोधकांनी ते गणित उकलून काढले. सोळा मंडलांच्या एका जुळणीने गुह्य संख्या तासाभरात शोधली, आणि एका फोर्ड एस्केप गाडीचेच इंजिन सुरू करून दाखविले. पुढे चाळिसाच्या ठिकाणी ऐंशी अंक आले. तेही काही कंपन्यांनी नीट न वापरल्याचे बेल्जियम व इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० साली सिद्ध केले. २०१३ साली तर अशाच एका दुसऱ्या चिपेवरील शोधनिबंध इंग्लंडच्या न्यायालयाने रोखून धरला. तो प्रसिद्ध झाला २०१५ साली. कुलूपवाला व चोर यांची ही शर्यत संपणारी नाही. तथापि कुलूप अपुरे म्हणून ते नकोच, असेही कोणी म्हणू नये. इमोबिलायझर नसलेल्या किया व ह्युंदाई गाड्या अमेरिकेत २०२१ पासून पोराटोरांनी किती सहज पळविल्या, हे तेथील वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. जेथे पहारेकरीच नाही, तेथे परवल फोडण्याचे कष्टही कोणी घेत नाही.

आपल्याकडेही अशा किल्ल्या घरोघर आल्या आहेत. मारुतीच्या कित्येक गाड्यांवर 'आय-कॅट्स' अशी अक्षरे असतात ती याच यंत्रणेची. घरी बसून तिसरी किल्ली करण्याची सोय मात्र येथील बहुतेक गाड्यांना नाही. गाडीचे नोंदणीपत्र व मालकाची ओळख दाखवून ती सहसा अधिकृत कार्यशाळेतून करून घ्यावी लागते. म्हणून काळजीचे कारण येथे अधिकच आहे. गाडी चोरीस गेली तर विमा कंपन्या सर्व मूळ किल्ल्या मागतात, आणि दुसरी किल्ली गेल्या दिवाळीपासून दिसली नाही असे सांगणाऱ्यास भरपाईसाठी झगडावे लागते. दुसरी किल्ली कोठे आहे हे आज रात्री पाहून घेण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

परंतु आम्हांस ही सारी हकीकत सांगावीशी वाटली ती केवळ मोटारींच्या निमित्ताने नव्हे. या मासिकाचे बहुतेक वाचक कोणत्या ना कोणत्या देवस्थानाशी बांधलेले आहेत. कोणी महाजन, कोणी खजिनदार, कोणी पुजारी, कोणी उत्सवाचा वाटेकरी. देवाच्या पेटीला एकाहून अधिक कुलुपे असावीत व त्यांच्या किल्ल्या निरनिराळ्या हाती असाव्यात, ही रीत आपल्या पूर्वजांनी कोणत्याही चिपेच्या आधी घालून दिली. तिचा आशय हाच की, एकट्याच्या साक्षीने देवाचे द्रव्य उघडू नये. रीत उत्तम, परंतु तिच्यातही तीच कठोर बाजू लपलेली आहे. जगन्नाथपुरीच्या रत्नभांडाराची कथा सर्वश्रुत आहे. २०१८ च्या एप्रिलात पाहणीकरिता मंडळी गेली, तेव्हा आतील दालनाच्या किल्ल्या सापडेनात. पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरखान्यात जोडकिल्ल्यांचे एक पाकीट मिळाल्याचे जाहीर झाले. १४ जुलै २०२४ रोजी दालन उघडण्याची वेळ आली, तो त्या जोडकिल्ल्या कुलपांना लागेनात. अखेर कुलुपे फोडावी लागली. जोडकिल्ली होती, पाकीट होते, परंतु ती कोणत्या कुलपाची हे पडताळून पाहण्याचे काम वेळेवर कोणी केले नव्हते. जी कधी कुलपात घालून पाहिली नाही, त्या जोडकिल्लीवर भरवसा तो काय ठेवावयाचा?

आमच्या लहानलहान देवस्थानांत याहून काय निराळे चालले आहे? पालखीच्या रुप्याच्या खांबांची पेटी कोणाच्या घरच्या किल्लीने उघडते, हे ठाऊक असलेले एकच वृद्ध गृहस्थ असतात. उत्सवातील मानांचा क्रम एकाच्याच मुखोद्गत असतो. जुनी इनामपत्रे कोणत्या फडताळात आहेत हे एकट्या कारकुनास माहीत असते. तोपर्यंत उत्सव चालतो, पालखी निघते, काहीच बिघडले नाही असे वाटते. आणि एखाद्या सकाळी तो मनुष्य नाहीसा होतो. मुलेबाळे मुंबईहून, इंदूरहून, परदेशाहून जत्रेला येतात. त्यांच्या हाती सर्व काही द्यावयास गावकरी उत्सुकही असतात, परंतु ओळख करून द्यावयास दोघे उरलेले नसतात. मग नवा मनुष्य कितीही भाविक असो, कुलपात फिरतो, इंजिन सुरू होत नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. यंदाच्या वार्षिक सभेत, जमाखर्च वाचून झाल्यावर, आणखी एक पान वाचले जावे. देवस्थानाच्या कोणत्या किल्ल्या कोणापाशी आहेत, त्यांची जोड कोठे आहे, आणि ती जोड गेल्या वर्षात कोणत्या तारखेस कुलपाला लावून पाहिली, एवढेच त्या पानावर असावे. खाली दोघांच्या सह्या असाव्यात. आणि त्या वेळी शेजारी एखादा विशीतला मुलगा वा मुलगी उभी करावी, पान लिहिण्याचे काम तिच्याकडेच द्यावे. पुढल्या वर्षी तेच पान तिने वाचावे.